तळ्याकाठी चौदा खोकी

घरसामान हलवणाऱ्या कंपनीतला मुकादम स्वतःच्या गाडीत चौदावं खोकं बसवत होता. खोकं दोन बोटं बाहेर राहत होतं. त्यानं गुडघा लावला, मग खांदा लावला. "आता डोकं लावा जरा," असं मुकादमीण म्हणाली, तेव्हा कुठं ते आत गेलं.

मुक्काम एका रात्रीचा होता. तळ्याकाठी, तंबूत. हा बेत तीनदा ठरून तीनदा मोडला होता. तिसऱ्यांदा मोडला तेव्हा नऊ वर्षांची लेक रडली नाही की रुसली नाही. "बाबा सगळ्यांची घरं हलवतात. आपल्याला दाराबाहेर हलवायला त्यांना वेळ नाही," एवढंच ती आईला म्हणाली, पायमोजे चढवता चढवता. मुकादमानं ते दारातून ऐकलं. रडणाऱ्या पोराची समजूत काढता येते. जिनं मागणंच सोडलं तिची कशी काढायची? आभाळ कोसळलं तरी ही रात्र बाहेरच काढायची, असं त्यानं मनाशी पक्कं केलं.

आणि मग त्याला जे येत होतं ते त्यानं केलं. सामान बांधलं.

"मुलं बरोबर आहेत, तर थोडं न्या, आणि लागेल ते हाताशी ठेवा," असं कंपनीतल्या टायपिस्टबाईंनी बजावलं होतं. पण वीस वर्षं लोकांच्या संसारातली सुईसुद्धा मागं न ठेवणाऱ्या माणसाला थोडं नेणं जमणार कसं? जड माल तळाला, हलका माथ्याला, प्रत्येक खोक्याला तीन पदरी चिकटपट्टी आणि वर ठळक अक्षरांत खोलीचं नाव. हॉल. स्वयंपाकघर. बेडरूम एक. बेडरूम दोन.

तळ्यावर पोचले तेव्हा ऊन पाण्यावर पाय सोडून बसलं होतं. गाडी थांबली आणि चार वर्षांचा धाकटा म्हणाला, "शी आली."

"समोरच आहे की संडास," मुकादम म्हणाला.

"माझी पिवळी सीट."

पिवळी सीट 'बाथरूम'च्या खोक्यात होती, आणि ते खोकं सगळ्यांच्या तळाशी होतं. मुकादमानं बाह्या सरसावल्या. एकेक करत तेरा खोकी गवतावर आली. धाकटा एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होता.

"पट्टी कापायला कटर द्या," मुकादमीण म्हणाली.

मुकादम खोक्यांवरची नावं वाचायला लागला.

"अहो, कटर."

"मुलांच्या हाती पातं लागू नये म्हणून आत ठेवलाय."

"कशाच्या आत?"

"स्वयंपाकघर."

"त्यालाही पट्टी?"

"तीन पदरी," मुकादम म्हणाला. एवढ्यातही त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता.

शेवटी गाडीच्या किल्लीनं पट्टी फाडली. सीट निघाली, पण तोवर धाकट्यानं नाच थांबवला होता. आता चड्डी हवी होती. ती 'बेडरूम दोन'मध्ये होती. साबण सापडावा म्हणून आणखी दोन खोकी फाडली. टॉवेल तिसऱ्यात निघाला. लेक एका दगडावर बसून हे सगळं बघत होती, आणि मुकादम तिच्याकडे बघायचं टाळत होता.

तेवढ्यात चौकीदार आला. गवतावर मांडलेल्या खोक्यांच्या रांगेवरून त्यानं सावकाश नजर फिरवली.

"इथं घर करायला परवानगी नाही."

"घर नाही करत. एक रात्र राहणार आहोत."

"एका रात्रीला हॉल लागतो?"

"चार माणसं म्हटली की लागतोच," मुकादमीण ताडकन म्हणाली. नवऱ्याला बोलायचा हक्क तिचा होता, चौकीदाराचा नव्हता.

"बरं बाई, लागत असेल. पण दव पडतं इथं. सकाळपर्यंत खोक्यांचा लगदा होईल. सातला फाटक लावतो मी, मग सहापर्यंत उघडत नाही. जायचं तर आत्ता जा."

मुकादमानं गाडीकडे पाहिलं, फाटलेल्या खोक्यांकडे पाहिलं. मग त्याला लेक दिसली. ती आपली पिशवी उचलून मुकाट्यानं गाडीकडे निघाली होती.

"पिशवी ठेव खाली," तो म्हणाला. "लावू दे त्यांना फाटक."

त्यानं तंबू उभारायला घेतला. खुंट्या ठोकल्या, दोर ताणले. अंगावर दवाचा पहिला गारवा आला आणि त्याच्या हातांना वीस वर्षांची सवय आठवली. माल भिजता कामा नये. त्यानं एक खोकं आत नेलं, मग दुसरं. फाटकी खोकी एकावर एक बसत नव्हती, म्हणून शेजारी शेजारी लावली. त्यांच्या फटीत भांडी, भांड्यांत कपडे. वाऱ्यालाही वाट उरली नाही. चौदाही खोकी कोरडी राहिली. त्यानं चेन ओढली, हात झटकले आणि समाधानानं वळला.

समोर तिघं उभी होती. हातात अंथरुणं घेऊन.

"फार छान," मुकादमीण म्हणाली. "सामानाची सोय झाली. आता आपलं बघा."

मुकादमानं तंबूकडे पाहिलं. तिथं मुंगीलाही जागा नव्हती. सगळं बाहेर काढलं तर भिजणार, आणि गाडीत परत भरायचं तर पट्टी हवी. ती आत कुठंतरी होती. पण गाडी मात्र रिकामी होती. त्यानं सगळ्या सीटा आडव्या केल्या. "चला," तो म्हणाला, "रात्र बाहेर काढायची म्हणजे काढायची."

चौघं आडवी झाली. एक डोकं, दोन पावलं, पुन्हा एक डोकं, दोन पावलं. धाकटा बापाच्या काखेत शिरला. काचेपलीकडे तळं काळं झालं होतं. एकेक चांदणी पाण्यात उतरत होती आणि काचेतून लेकीच्या उशाशी येत होती.

"चुकलं माझं," मुकादम हळूच म्हणाला. "एका पिशवीत भागलं असतं. तंबूत झोपलो असतो."

लेकीनं काचेकडे कूस वळवली. झोपली असेल, असं त्याला वाटलं.

"बाबा."

"हं?"

"पुढच्या वेळी पंधरा आणू या. चुकून तंबूत जागा उरली तर?"

मुकादमीण अंधारात खुदखुदली. पंधरावं खोकं कुठं बसेल, याचा अंदाज मुकादमानं पडल्या पडल्याच घ्यायला घेतला होता.