म्हात्र्याचा शेवटचा परिच्छेद

म्हात्र्याला साधी वेळ विचारायचीही अलिबागेत लोकांना धास्ती वाटायची. "रेवसहून लाँच कधी आहे हो?" असं कुणी विचारलं, की तो आधी भरती-ओहोटीवर बोलायचा, मग लाँचवरच्या तांडेलाच्या गुडघ्यांवर, तिथून भाऊच्या धक्क्यावरच्या कोळंबीच्या भावावर. समोरचा चुळबुळायला लागला की हात वर करून म्हणायचा, "थांब, घरी येतोय." आणि खरंच यायचा. "तर लाँच साडेदहाची." तोवर ती सुटलेली असायची.

ही खोड त्याला जॅझनं लावली. मामा परदेशी बोटीवर खलाशी होता. सुट्टीवर येताना त्यानं साबण, बिस्किटं आणि एकदा ट्रंकभर जॅझच्या रेकॉर्डी आणल्या. साबण नातेवाइकांत वाटले गेले, रेकॉर्डी कुणीच मागितल्या नाहीत, त्या म्हात्र्याकडे राहिल्या. त्याची आई जन्मभर मिठागरावर राबलेली. ती ऐकायची आणि म्हणायची, "सूर बरा हाय रं, पन सांगतो काय ते कलत न्हाय."

"आये, आधी चाल दाखवायची, मग गावभर हुंदडायचं आणि शेवटी चालीवर परत यायचं. सगळी मजा परत येण्यात."

"मंग गेलाच कशाला?" म्हातारी विचारायची. म्हात्रे रेकॉर्ड पालटायचा.

आम्ही दोघं अलिबागच्या एका चारपानी दैनिकात होतो. तो बातमीदार, मी पानं लावायचो. सभेला गेला की त्याची बोटं बाकावर ताल धरायची. एकदा नगरपालिकेच्या सभेत एक सदस्य भाषण थांबवून म्हणाले, "ओ पत्रकार, आधी तुमचं आटपा, मग मी बोलतो." म्हात्र्यानं मान डोलवून त्यांना पुढे चालू ठेवायची खूण केली. परत येऊन मला म्हणाला, "बोलले बरे, पण ड्रमवाल्याकडे लक्ष देत नाहीत."

पुढे तो सरकारी माहिती अधिकारी झाला. मी कारण विचारलं तर म्हणाला, "सरकारात घाई नसते. जॅझला बरं." काम एकच, सरकारच्या बातम्या लिहून वर्तमानपत्रांना पाठवायच्या. त्याही तो तशाच लिहायचा. विहिरीच्या उद्घाटनाची बातमी तालुक्यातल्या पावसापासून सुरू व्हायची. कुठली विहीर, ते शेवटच्या ओळीत. त्याचा शिपाई गठ्ठा घेऊन यायचा आणि दारातूनच सांगायचा, "आज सायेब लई लांब गेलेत."

आता जे सांगायला बसलोय ते सांगतो.

रेवसच्या धक्क्याच्या दुरुस्तीसाठी एक दिवस मुंबईची लाँच बंद राहणार होती. म्हात्र्यानं बातमी पाठवली. पहिल्या परिच्छेदात धक्क्याचा इतिहास, मग लाटा, मग जुने प्रवासी, मग आभार. मंगळवारी लाँच बंद, हे सगळ्यात शेवटी. बाकीच्या पत्रांनी लांबलचक म्हणून ती न वाचताच टोपलीत टाकली. मी घेतली, कारण म्हात्र्याची होती. पान जुळलं आणि मालकांनी ऐनवेळी प्लॉटची एक जाहिरात आणून दिली. जागा हवी असली की बातमी खालून कापायची, ही आमच्या धंद्यातली पहिली शिकवण. महत्त्वाचं वर असतं, असं आम्ही धरून चालतो. मी न वाचता शेवटचा परिच्छेद कापला. ज्याच्याशेजारी बसून इतकी वर्षं काढली, तो मुद्दा कुठे ठेवतो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

मंगळवारी रेवसला माणसं खोळंबली. त्यांत सुगंधा नावाची एक बाई होती. तिचा बाप मुंबईत इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होता. ती पेणवरून रस्त्यानं गेली. पोचली तेव्हा बापाला खाली शवागारात नेलं होतं.

तिच्या गावची माणसं म्हात्र्याच्या कचेरीवर आली. चौकशी लागली. बातमीची पूर्ण प्रत त्याच्या कपाटात होती. ती न काढता तो म्हणाला, "तो परिच्छेद लिहायचा माझ्याकडूनच राहिला." नंतर तो एकटा सुगंधाच्या घरी गेला. तिच्या भावानं त्याला ओटीवरसुद्धा येऊ दिलं नाही.

आणि मी पहिल्या पानावर मथळा दिला, 'माहिती अधिकाऱ्याचा अक्षम्य हलगर्जीपणा'. शब्द माझेच. अक्षम्य हा शब्द घालायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हात्र्याला लिहिण्याच्या कामावरून काढून कात्रणं चिकटवायला बसवलं. निवृत्त होईपर्यंत तो तेच करत होता. मी त्याला एकदाच विचारलं, का केलंस असं? तो म्हणाला, "सरकार मला काढणार नव्हतं. तुला मालकांनी त्याच संध्याकाळी काढलं असतं, आणि तुझ्या दोन पोरी शाळेत होत्या."

लग्न त्यानं केलं नाही. आई गेली. रेवस रस्त्याला दोन खोल्यांत तो एकटा राहतो. कान जवळजवळ गेलेत. रेकॉर्ड लावतो आणि थरथर कळावी म्हणून ग्रामोफोनच्या पेटीवर तळवा ठेवून बसतो. मी दर रविवारी जातो. गावात आजही कुणाची काही चूक झाली की म्हणतात, म्हात्रे झाला. हे ऐकत मी म्हातारा झालो.

गेल्या रविवारी त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणालो, "म्हात्रे, मी आता सगळं लिहून छापायला देतो."

"नको."

"अरे, तुझं नाव खराब झालंय सगळीकडे."

"मला कुठे ऐकू येतंय." मग पेटीवरचा हात काढून त्यानं विचारलं, "वसंता, खरं सांग, तुला जॅझ आवडतो?"

इतक्या वर्षांत मला जॅझ कधी कळला नाही.

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "तुला टोचतं म्हणून येतोस तू. छापलंस की टोचायचं थांबेल."

त्यानं रेकॉर्ड पालटली आणि पुन्हा तळवा ठेवला.

तरी मी लिहिलं. आमचं दैनिक केव्हाच बंद पडलं. दुसऱ्या एका पत्रानं शनिवारी छापायचं कबूल केलंय. रविवारी सकाळी बेकरीतले पाव घेऊन मी रेवसच्या एसटीत बसणार आहे. दार उघडून तो बहुधा विचारेल, "आता कशाला आलास?" मी पाव पुढे करीन.