ठोक्यावर लावलेलं व्हायोलिन

माझ्या कानाबद्दल मला कोणी शिकवू नये. डोळ्यांना जाड भिंगं लागली, गुडघे गेले, दातांची तर गोष्टच नको; पण कान असे शाबूत आहेत की शेजारच्या घरी दूध उतू जायला लागलं की मी इथून ओरडते. आणि अशा बाईला घरात कोणी काही विचारतं का? नाही. विचारतात फोनला!

त्या दिवशी नातीची परीक्षा होती. शाळेच्या वाद्यवृंदात व्हायोलिनची एकच जागा रिकामी झाली होती, आणि पाच वाजता संगीताच्या बाई मुलांचं वाजवणं ऐकून निवड करणार होत्या. पोरीनं वर्षभर त्या जागेवर डोळा ठेवला होता. नेमकी दुपारी पेटी उघडली, तर चारही तारा उतरलेल्या. हवा बदलली की खुंट्या सैल पडतातच.

सून नर्स आहे. रात्रपाळी करून आलेली. झोपायला जाता जाता म्हणाली, "आई, तिच्या फोनमध्ये सोय आहे. काटा मध्यावर आला की तार लागली. तुम्ही त्यात पडू नका. आणि मला चारला उठवा."

त्यात पडू नका! दुधाचे दात पडायच्या आधीपासून जिनं वडिलांच्या व्हायोलिनच्या खुंट्या पिळल्या, तिला हे सांगायचं? सूर काट्यावर बघायला तो काय किलोभर बटाटे आहे?

माझे वडील कचेरीत कारकून, पण संध्याकाळी व्हायोलिन घेऊन बसले की वेगळेच दिसायचे. ते नेहमी एकटेच वाजवत. त्यांच्या तोडीचं आसपास कोणी नव्हतंच, असं आई सांगायची. आणि ते व्हायोलिन लावत भिंतीवरच्या घड्याळावर. ठोका पडला की त्याचा नाद रेंगाळतो. त्याला दुसरी तार मिळवायची, मग तिच्यावरून बाकीच्या. तेच घड्याळ आज माझ्या हॉलमध्ये आहे.

"ठेव तो फोन," मी नातीला म्हटलं. "तुला खरा सूर ऐकवते."

अडचण एवढीच, की घड्याळ ठोके देतं तासाला, आणि मध्ये अर्ध्या तासाला एक. तार मिळत आली की नाद विरायचा, आणि हट्टी मूल हात सोडवून पळावं तशी खुंटी सुर्रकन मागे फिरायची. मग काय, अर्धा तास हात जोडून बसायचं? मी नातीला स्टुलावर चढवलं आणि मोठा काटा पुढे ढकलायला लावला. ठोका, खुंटी. पुन्हा काटा, पुन्हा ठोका. आम्ही दोघी अशा रंगलो की घड्याळ कुठवर पोचलं याचं भान कुणाला!

आता आमच्या ह्यांची सवय सांगायला हवी. हे घड्याळ बघत नाहीत, ठोके मोजतात. पाच पडले की फिरायला. आतल्या खोलीत झोपले होते, पाच ठोके ऐकले, उठले, गळ्याला मफलर गुंडाळला, काठी घेतली आणि भर दुपारच्या उन्हात बाहेर पडले. जाताना माझ्याकडे बघून "आज लवकर संध्याकाळ झाली," एवढंच म्हणाले. मी खुंटीत गुंतलेली. हूं म्हटलं.

पुढचा ठोका पडला आणि सून डोळे चोळत बाहेर आली. समोर घड्याळात साडेपाच.

"आई, मी चारला उठवायला सांगितलं होतं ना?"

मी समजावायला तोंड उघडलंही. पण नर्सची जात! ती आधी पेशंट उचलते, विचारपूस मागाहून. तिनं नातीला उचललं, पेटी उचलली. व्हायोलिन माझ्या मांडीवर होतं, म्हणून मीही उचलली गेले. फोन सगळ्यांचे घरीच राहिले. गाडीत शेवटची तार लावता लावता मी हळूच म्हटलं, "अगं, काटे आम्हीच फिरवलेत."

तिनं गाडीचा वेग कमी केला. मग विचारलं, "म्हणजे खरे किती वाजलेत?"

"ते आता कसं सांगणार?"

शाळेत संगीताच्या बाई डबा खात होत्या. त्यांच्या घड्याळात अडीच. हात धुऊन त्यांनी व्हायोलिन घेतलं, तारांवरून गज फिरवला आणि थबकल्या. कोणी लावलं, म्हणून विचारलं. मी सांगितलं.

"तारा एकमेकींशी किती सुरेख मिळाल्यात! मला अशा नाही जमत."

मी सुनेकडे बघितलं. सून खिडकीबाहेर बघत होती.

मग बाई पियानोवर बसल्या आणि नातीनं त्यांच्याबरोबर वाजवायला सुरुवात केली. काय सांगू! एका पिशवीत दोन मांजरं कोंबल्यासारखा आवाज. पोरीनं गज खाली केला. बाईंनी एक पांढरी पट्टी दाबली, मग शेजारची काळी.

"आजी, तुमचा सूर या पांढरीवर नाही, या काळीवरही नाही. मधल्या फटीत आहे."

पियानो एकदा दाखवून घ्या, असं मी त्यांना सुनावलं. सुनावणार नाही तर काय! बाई हसल्या. म्हणाल्या, "एकटीनं वाजवायचं असेल तर याला तोड नाही. पण वाद्यवृंदात इतरांनाही वाजवायचं असतं ना."

त्यांनी फोन काढला, काटा मध्यावर आणून तारा लावल्या आणि वेळ हाताशी होता म्हणून पियानोबरोबर नातीचा सराव घेतला. पाच वाजता, खऱ्या पाच वाजता, तिनं असं वाजवलं की जागा तिलाच मिळाली. मी काटे फिरवले नसते तर हा सराव झाला असता का? पण नाही. श्रेय फोनला!

परतताना कोपऱ्यावरच्या बाकावर हे दिसले. मफलर घामानं चिंब. आपल्या मित्रांना वेळेची किंमत नाही, म्हणून माझ्याहूनही जास्त संतापलेले.

घरी आल्यावर नातीनं घड्याळ नीट लावलं. ठोका पडला, आणि तो विरेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. वडिलांच्या साथीला एकदा पेटीवाले मास्तर आले होते. एकदा बासरी वाजवणारे शेजारी. दोघेही एकदाच. वडिलांच्या तोडीचं कोणी नव्हतंच, असं आई सांगायची.

आणि सांगताना ती नेहमी या घड्याळाकडे का बघायची, ते मला आत्ता कळलं.