एझ्राकाकांचा बदामी रंग

धावती गाडी ऐन वेगात बंद करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ती गाडी माझीच होती. रोह्याच्या गॅरेजवाल्या एझ्राकाकांनी निडीच्या अलीकडे सरळ रस्ता लागताच माझी जुनी पेट्रोल व्हॅन तिसऱ्या गिअरमध्ये टाकली, ॲक्सिलरेटर पार तळाला दाबला, इंजिन किंचाळत असताना तो तसाच धरून ठेवला आणि मग शांतपणे क्लच दाबून किल्ली मागे फिरवली. मी देवाचं नाव घेतलं. व्हॅन मुकाट घरंगळत रस्त्याच्या कडेला थांबली. काकांनी सीट उचलली, खालच्या इंजिनातला एक स्पार्क प्लग काढला, फडक्यात धरून त्याचं टोक निरखलं आणि म्हणाले, "हां. आता हिनं खरं सांगितलं."

इंजिनाला हवा किती आणि पेट्रोल किती, हे काका त्या टोकाच्या रंगावरून ठरवतात. टोक काळं तर पेट्रोल जास्त, पांढरं तर कमी, बदामी तर बरोबर. हळूहळू वेग कमी करत थांबलं तर रंग बदलतो, म्हणून ऐन वेगात किल्ली फिरवायची. "उभ्या उभ्या सगळ्याच गाड्या गोड बोलतात गो कुंदा," ते मला सांगत. "पाय तळाला जाऊ दे, मग ऐक." काळ्या रंगाला ते फारसे भीत नाहीत. पांढऱ्याला भितात. पेट्रोल कमी पडलेलं इंजिन तक्रार करत नाही, आतल्या आत तापतं आणि एक दिवस पिस्टन जाळून बसतं.

हा हिशेब त्यांनी इंजिनापुरता ठेवला असता तर बरं झालं असतं. शेजारणीची बिर्याणी जमली की ती बदामी. माझ्या धाकट्या बहिणीला बघायला आलेला मुलगा त्यांनी लांबूनच पाहिला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "पांढरा हाय पोरगा. वरून गप, आत तापतो." लग्न झालं. मेहुण्याचा पहिला राग पाहिल्यावर बहिणीने मला फोन करून विचारलं, "काकांना कसं कळलं गं?"

काका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. त्यांच्या आळीतली माणसं एकेक करून इस्राएलला गेली, मुलगा मोशेही गेला. काकी इथल्याच मातीत आहेत. शनिवार त्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस; शुक्रवारी संध्याकाळी गॅरेजचं शटर खाली येतं ते रविवारी सकाळी वर जातं, मग शनिवारी कुणी रुग्णवाहिका घेऊन आलं तरी काका खिडकीतूनच सांगतात, "उद्या." रविवारी मोशेचा व्हिडिओ कॉल येतो. तेव्हा मात्र हातातला पाना खाली ठेवतात.

माझा पेणला गणपतीचा कारखाना आहे. पंचवीस वर्षं मी मूर्ती रंगवते. अंगाचा रंग कालवायचा म्हटलं तर माझ्याकडे आठ प्रकारचे बदामी निघतील. यावरून आमची कायम जुंपायची. "आठ कशाला? देवानं बदाम एकच केला," असं म्हणून ते विषय संपवायचे.

गेल्या वर्षी मी तक्रार केली की व्हॅन पेट्रोल फार पिते. काकांनी कार्बोरेटरमध्ये बारीक जेट घातला, म्हणजे पेट्रोल यायचं भोक लहान केलं. मग नेहमीप्रमाणे निडीचा रस्ता, पाय तळाला, किल्ली मागे. प्लग काढून त्यांनी डोळ्यांजवळ नेला. "बदामी!" ते खूश होऊन म्हणाले. "बघ, कमी खाऊन पण पोट भरलं."

मी पाहिलं. टोक खडूसारखं पांढरं होतं.

"काका, मला पांढरं वाटतंय."

"तू मूर्त्या रंगव," ते म्हणाले. आवाज असा चढला की मी गप्प बसले. वडीलधारा माणूस, त्यांच्या हाताखालून गेलेल्या गाड्यांची गणती नाही. आपण कशाला शहाणपण शिकवायचं, असं मला वाटलं. माझं उभं आयुष्य रंगात गेलं, आणि एका रंगाबद्दल खरं बोलायची वेळ आली तेव्हा मी भीड धरली. त्याची लाज मला अजून वाटते.

आठवड्याने पेणजवळच्या जोहे गावाहून कच्च्या मूर्ती भरून येताना व्हॅनने मोठा आवाज केला आणि ती बंद पडली. मूर्ती वाचल्या. व्हॅन ओढून रोह्याला नेली. काकांनी स्वतः इंजिन उघडलं. पिस्टनची कड वितळून गेली होती. त्यांनी त्या कडेवरून बोट फिरवलं, परत फिरवलं, आणि स्टुलावर बसले.

"पांढरा होता?"

"हो, काका."

त्यांनी कप्प्यातून जुने प्लग काढून बाकड्यावर ओळीने मांडले. "सांग."

मी सांगत गेले. पांढरा. बदामी. पांढरा. फिकट करडा. प्रत्येकाला ते हळूच म्हणायचे, "मला बदामी दिसतो." शेवटच्या प्लगला त्यांनी कप्प्यातून डॉक्टरांची चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली.

मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी वर्षापूर्वीच ऑपरेशन सांगितलं होतं. पिकलेल्या मोतीबिंदूतून सगळं पिवळट दिसतं, हेही सांगितलं होतं. चिठ्ठी तेव्हापासून त्याच कप्प्यात होती. खाली लिहिलं होतं, सोबत जवळचा नातेवाईक आणावा.

"मग मोशेला का नाही कळवलं?"

"कळवलं तर तो येईल गो." त्यांनी फडक्याने हात पुसले, ते स्वच्छ असूनही. "आणि येईल तो मला घेऊनच जाईल. आंधळ्या बापाला कोण ठेवतो इथं? मग शटर कोण उघडणार? हिच्या कबरीवरचं गवत कोण काढणार?"

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी सकाळी मी त्यांना ऑपरेशनसाठी इस्पितळात नेलं. नर्सने विचारलं, "या तुमच्या कोण?" काका सरळ म्हणाले, "गिऱ्हाईक." नातेवाईकच लागतो म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग पुतणी लिवा."

शनिवारी काका हलेनात, म्हणून पट्टी दोन दिवसांनी निघाली. रविवार होता. आम्ही घरी पोचतो न पोचतो तोच मोशेचा फोन आला. काकांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि फोन समोर धरला. किती तरी वेळ ते नुसते बघत राहिले.

"पप्पा? आवाज येतोय का?"

"मोशे, तुझे केस कधी पिकले रे?"

"झाली की तीन वर्षं. तुम्ही दर रविवारी बघताय."

मग काकांनी त्याला सगळं सांगितलं. डोळा, माझी व्हॅन, वर्षभर लपवलेली चिठ्ठी. 

"मला सांगायचं होतं ना, पप्पा. मी आलो असतो."

"व्हय. म्हणून तर नाय सांगितलं."

मोशे रागावून काहीतरी बोलायला लागला. तो बोलत होता ते काका ऐकत नव्हते. त्यांनी फोन आणखी जवळ घेतला आणि, मी त्यांचा इतका मऊ आवाज कधी ऐकला नव्हता, म्हणाले, "बोल रे, काय बोलायचं ते बोल. पण जरा त्या खिडकीपाशी बस. तुला नीट बघू दे."

मी चहा टाकायच्या निमित्ताने आत गेले.