पुंजारामाची उसनी श्रीमंती

शाळा तपासणारे डिप्टीसाहेब घरी येणार म्हटल्यावर पुंजाराम माळ्याच्या तोंडचं पाणी पळालं. नागपूरच्या सरकारने गरीब घरच्या हुशार मुलींना शिक्षणासाठी महिना आठ रुपये वजिफा द्यायचं ठरवलं होतं, आणि पुंजारामाच्या चौदा वर्षांच्या जमुनाने अर्ज केला होता. वजिफा मिळाला तर ती अमरावतीला शिकायला जाणार, नाही तर बापाबरोबर परतवाड्याच्या बाजारात वांगी विकणार. साहेब यादीतल्या प्रत्येक घरी जाऊन गरिबी डोळ्यांनी बघणार होते.

गरिबी दाखवायला खरं तर काहीच लागत नाही. पण वऱ्हाडातल्या माणसाला पाहुण्यासमोर ते काहीच नसणंच सहन होत नाही.

"साहेबाले काय टोपल्यावर बसवू?" पार्वताबाई म्हणाली.

"आई, तो आपली गरिबीच पाहाले येऊन राहिला!" जमुना म्हणाली.

"म्हणून काय उपाशी धाडू त्याले?"

शेजारचे महादेवराव दिलदार. त्यांनी सतरंजी, खुर्ची, पितळेची ताटं, तांब्या, पुरणपोळीला डाळ-गूळ आणि तूपसुद्धा दिलं. त्यांच्या बायकोने गळ्यातली सोन्याची पोत काढून पार्वताबाईला घातली. त्यांच्या मुलीचा, रुख्मिणीचाही अर्ज होता, पण "आमाले कोन देते?" म्हणून ते निवांत होते.

साहेबांनी तुपात बुडालेल्या चार पुरणपोळ्या खाल्ल्या, पोतीकडे पाहिलं आणि कागदावर लिहिलं, 'मदतीची गरज नाही.'

जमुनाला रडू कोसळलं. पुंजारामाने हात जोडले. "साहेब, हे समदं महादेवरावाचं हाय. आमची फक्त चूल हाय."

साहेबांनी दारातल्या महादेवरावांना विचारलं. चारचौघांत शेजाऱ्याची अब्रू जाते हे बघून महादेवरावांचा जीव कळवळला.

"नाई साहेब! त्याचंच हाय समदं. लाजून बोलून राहिला तो."

म्हणजे पुंजाराम सधन होताच, वर लबाडही ठरला.

साहेब तिथून महादेवरावांकडे गेले. तिथे बसायला सतरंजी नव्हती, पाण्याला तांब्या नव्हता, बायकोच्या गळ्यात नुसते काळे मणी होते.

"साहेब, तसं आमच्याकडे समदं हाय, पन..." महादेवराव अडखळले. खरं सांगावं तर मघाचा शब्द खोटा पडत होता.

"राहू द्या," साहेब गहिवरून म्हणाले. "गरिबीची लाज कसली?"

रुख्मिणी अमरावतीला निघाली त्या सकाळी महादेवराव पुंजारामाच्या दारात आले. त्यांची मान वर होत नव्हती. "मी खरं बोलाले पायजे होतं, पुंजाराम."

"तुमी माही अब्रू राखली, भाऊ," पुंजाराम म्हणाला, आणि वाईट हे की तो मनापासून म्हणाला.

मागून रुख्मिणी पुढे आली. "जमुने, माह्याकडे गणिताचं पुस्तक नाई. तुह्यं देशीन का?"

जमुनाने आईकडे पाहिलं.

"दे," पार्वताबाई म्हणाली. "पोरगी परगावी चालली. रिकाम्या हातानं धाडू काय तिले?"

जमुनाने पुस्तक आणून दिलं आणि वांग्यांची टोपली डोक्यावर घेतली.