थांबोबाचा रस्ता

एका जंगलात, बाळांनो, फार फार पूर्वी, म्हणजे परवापरवापर्यंत, सगळे प्राणी पायी हिंडायचे. मग सशाने गाडी घेतली. ससा जात्याच पळणारा, त्याला गाडी कशाला, असं विचारू नका. शेजारच्या सशाने घेतली म्हणून घेतली. बघता बघता सगळ्यांनीच घेतल्या. हत्तीची एक बस होती, पण ती हत्तीच्या मनाला येईल तेव्हा यायची.

गाड्या आल्या तसा डांबरी रस्ता आला. त्याच्या दोन्ही कडांना गाड्या उभ्या राहू लागल्या आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीतून उरलेले सुसाट सुटू लागले. हॉर्नचं तर नाव काढू नका. गाढवसुद्धा कानांवर हात ठेवायचं.

रस्त्याच्या अलीकडे एक तळं होतं. तळ्यात मंजुळाकाकू राहायच्या. काकू म्हणजे कासवीण. अंडी घालायला त्यांना दरवर्षी रस्त्यापलीकडच्या वाळूत जावं लागे. पिल्लं निघाली की त्यांना घेऊन परत तळ्यात यावं लागे, कारण पाण्याशिवाय कासवाचं पिल्लू जगत नाही. आणि काकूंची चाल तर तुम्हाला ठाऊकच आहे! यंदा दोनदा चाक पाठीला घासून गेलं. एका रानडुकराने काच खाली करून वर त्यांनाच सुनावलं, "काय काकू, घरी सांगून आलात का?"

काकू तडक वाहतूक शाखेत गेल्या. तिथे कोल्हेसाहेब बसले होते.

"साहेब, पोटात अंडी आहेत हो. चार दिवसांत पलीकडे गेलंच पाहिजे."

"अर्ज द्या."

आणि खोटं सांगत नाही, अर्ज मंजूर झाला! तिसऱ्या दिवशी रस्त्यावर पांढरे पट्टे मारले गेले. काकू हरखल्या. पण जंगलात असले पट्टे आधी कुणी पाहिले होते? प्रत्येकाला वाटलं, गाड्या लावायला जागा आखून दिली. दुपारपर्यंत पट्ट्यांवर सात गाड्या लागल्या, अगदी शिस्तीत, एका ओळीत. पहिली गाडी कोल्हेसाहेबांची होती.

आता उरला एक दिवस. काकू रडकुंडीला आल्या. तेव्हा शेजारची माकडीण, पारूबाई, झाडावरून खाली उतरली.

"अहो काकू, पट्ट्यांना कोण भीक घालतंय? हे मेले भितात फक्त देवाला."

दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे पारूबाईने एक धोंडा रस्त्याच्या मधोमध ठेवला, त्याला शेंदूर फासला आणि वर झेंडूचं फूल वाहिलं. बस्स, एवढंच.

काय सांगू बाळांनो! ताशी ऐंशीने येणाऱ्या बिबट्याने करकचून ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग सोडून दोन्ही हात जोडले. मागे हरिण थांबलं. त्याच्यामागे हत्तीची बस थांबली. थांब्यावरसुद्धा न थांबणारी बस, बरं का!

"कोण देव हा?" हत्तीने विचारलं.

"थांबोबा," पारूबाईने ठोकून दिलं. "नवसाला पावतो."

तेवढ्यात काकू सावकाश पलीकडे पोचल्या.

वाळूत दोन महिने गेले. अकरा पिल्लं निघाली. काकू त्यांना घेऊन रस्त्यापाशी आल्या आणि बघतच राहिल्या. धोंड्याच्या जागी देऊळ झालं होतं. कळस होता, मंडप होता, लाउडस्पीकर होता आणि मंडळाचे अध्यक्ष म्हणून अस्वल होतं. काकू पुढे निघाल्या तशी अस्वलाने काठी आडवी घातली.

"ओ काकू! देवासमोरून आडवं जातात का?"

"अरे, हा देव आम्हीच बसवलाय!"

"असं म्हणणाऱ्या सकाळपासून तुम्ही चौथ्या. चला, रांगेत या."

"मग जरा पुढे जाऊन रस्ता ओलांडते."

"जा की. पण जपून हं. इथे थांबण्यात गेलेला वेळ सगळे पुढच्या वळणावर भरून काढतात."

काकू मुकाट्याने रांगेत उभ्या राहिल्या. रांग दीड दिवसाची. ऊन मी म्हणत होतं. पिल्लांच्या पाठी कोरड्या पडू लागल्या. धाकटं सारखं विचारायचं, "आई, पाणी कसं असतं गं?"

काकूंना भडभडून यायचं. "गार असतं, राजा. आलंच हं आता."

अखेर दर्शन झालं. बाहेर पडायचं दार नेमकं तळ्याच्या बाजूला होतं. अकराच्या अकरा पिल्लं रस्ता ओलांडून आली, एकालाही चाक शिवलं नाही. आपणच बसवलेल्या देवाला काकूंनी पहिल्यांदाच मनापासून हात जोडले.

मग त्या दाराबाहेर आल्या. समोर मुरूम टाकून रोलर फिरवलेली सपाट जमीन होती. तिच्यावर गाड्याच गाड्या.

"तळं कुठंय?" काकूंनी विचारलं.

"बुजवलं की!" अस्वल अभिमानाने म्हणालं. "भक्तांची पार्किंगची केवढी गैरसोय होत होती!"

धाकट्याने तापलेल्या मुरमावर पाय ठेवला आणि वर बघितलं. "आई, हेच का पाणी?"

तात्पर्य : श्रद्धा असेल तर कुठलाही रस्ता सुखरूप ओलांडता येतो. पलीकडे पाणी आहे का, असले नास्तिक प्रश्न विचारू नयेत. गाडी लावायला जागा भरपूर आहे, आणि पहिला अर्धा तास फुकट.