खानावळीच्या उद्घाटनाला मयताचा आवाज

सोमनाथची भोंगा लावलेली रिक्षा गल्लीत शिरली, की सातपूर गावातल्या बायका आधी गॅस बारीक करत आणि मग डोक्यावर पदर घेत. गावात कुणी गेलं की ती बातमी वर्षानुवर्षं ह्याच भोंग्यातून फिरत आली होती. "कळविण्यास अत्यंत दुःख होते की" हे शब्द सोमनाथ असे काही ओढायचा, की मेलेल्याशी बांधावरून भांडलेल्या माणसालाही हुंदका यावा.

आज मात्र काम घरचं होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटलेली त्याची बायको चंद्रभागा स्वतःची खानावळ उघडत होती. दुपारी गावाजवळच्या कारखान्याचे सुपरवायझर निवृत्तीअण्णा जेवायला यायचे होते. त्यांना चव पटली, तर अख्ख्या शिफ्टचे डबे मिळणार होते. नाही पटली, तर पुन्हा लोकांच्या पोळ्या लाटणं नशिबी होतंच. कंपनीच्या माणसाला साधं काय चालणार, म्हणून तिनं पनीर, पुलाव आणि गुलाबजाम असा बेत केला होता.

"केबलवाल्याला सांगू का? तो टीव्हीवर खाली पट्टी फिरवतो," चंद्रभागा म्हणाली.

"घरची रिक्षा, घरचा आवाज असताना?" सोमनाथ दुखावला.

"तुमचा आवाज ऐकून माणसं चपला काढून उभी ऱ्हातात. आज खानावळ हे आपली."

"आज हसत बोलतो. मग तर झालं?"

आणि तो खरोखरच हसत बोलला. आरशात बत्तिशी बघत बघत त्यानं सगळ्या गल्ल्या घेतल्या. पण भोंग्यातून दात थोडेच ऐकू येतात? "समस्त ग्रामस्थांना कळविण्यात येते की, आपल्या सर्वांच्या लाडक्या चंद्रभागाबाई..." एवढं ऐकलं आणि गाव कामाला लागलं. मयताच्या बातमीत नाव कळल्यावर पुढं ऐकण्यासारखं उरतं काय? पुढचं 'खानावळीचे उद्घाटन' आणि 'सहकुटुंब यावे' सगळं रडारडीत वाहून गेलं.

मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारणी पिठलं-भाकरी नेतात. सगळ्यात आधी पोचली ती सुलाबाई, डोळ्याला पदर आणि काखेत डबा. दारात हिरवी साडी नेसून चंद्रभागा रांगोळी काढत होती. सुलाबाई मटकन खालीच बसली.

"अगं बाई, तू हायेस?"

"मग कुठं जाऊ?"

तेवढ्यात भागीबाई आली, तिच्यामागं आणखी चारजणी, आणि खांद्यावर टॉवेल टाकलेले पुरुष. मोतीराम तर बांबूच घेऊन आला होता. तो असल्या वेळी कुणाच्या सांगण्याची वाट बघत नसे.

सोमनाथ फेरी मारून परतला तो गर्दी बघून खूश झाला. "बघ, म्हटलं नव्हतं? पहिल्याच दिवशी एवढी माणसं."

"ही माणसं मला पोचवायला आलीत," चंद्रभागा दात-ओठ खात म्हणाली. "आत्ताच्या आत्ता जा, आणि सांगा सगळ्यांना, मी जित्ती हे."

सोमनाथ धावला. "कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, चंद्रभागाबाई अजून आपल्यात आहेत..." असं तो घसा फोडून सांगू लागला. पण पहिली फेरी बातमीची आणि दुसरी मयत उचलण्याच्या वेळेची, हे गावाला पाठ होतं. पहिल्या फेरीला जे घरी राहिले होते, तेही आता लगबगीनं निघाले.

खानावळ गच्च भरली. प्रत्येकाच्या हातात डबा होता.

"आलात तशे जेवून तरी जा," चंद्रभागा अजिजीनं म्हणाली.

"अन् ह्याचं काय करू?" भागीबाईनं डबा पुढं केला. "मयताला काढलेली भाकर घरी परत नेऊ?"

"पण मयत झालंच नाय ना."

"भाकर तर काढली ना त्याच्यासाठी?"

तेव्हा सगळे खानावळीत बसून स्वतःचंच पिठलं खाऊ लागले, आणि चंद्रभागेचं पनीर पातेल्यात गार होत राहिलं. फेरी संपवून परतलेल्या सोमनाथला बायकोचा पडलेला चेहरा बघून भडभडून आलं. आपल्या आवाजाची त्याला जन्मात पहिल्यांदा लाज वाटली.

नेमके तेव्हाच निवृत्तीअण्णा आले. खांद्यावर टॉवेल. समोर चंद्रभागा दिसताच त्यांनी तो घाईघाईनं खिशात कोंबला. काही बोलायच्या आत सुलाबाईनं त्यांना पाटावर बसवून पुढ्यात पिठलं-भाकरी आणि फोडलेला कांदा ठेवला. आलेल्याला घास भरवायचा, एवढंच तिला ठाऊक होतं. चंद्रभागेनं घाबरत शेजारी पनीरची वाटी सरकवली.

अण्णांनी पनीर बोटानं बाजूला केलं. भाकरी संपली, त्यांनी दुसरी मागितली.

"वहिनी, खरं सांगतो, उद्घाटनाला मी येणारच नव्हतो. लय काम हे. पण मयत म्हटल्यावर शिफ्ट सोडून यावं लागलं." त्यांनी ढेकर दिला. "पनीर आमची पोरं कॅन्टीनमध्ये टाकून देतात. हे पिठलं देता का सोमवारपासून? सगळ्या शिफ्टला?"

चंद्रभागेनं सुलाबाईकडं पाहिलं.

"करू की दोघी मिळून," सुलाबाई म्हणाली. "पण रोज रडायला लावू नको."

चंद्रभागेच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलंही नाही. सोमनाथ कोपऱ्यात उभा होता. तिच्याकडं बघायचा त्याला अजून धीर होत नव्हता.

हात धुऊन अण्णा त्याच्याचकडं आले. "सोमनाथभाऊ, आमच्या सेफ्टीच्या मीटिंगला चिटपाखरू फिरकत नाय. सोमवारी गेटवर रिक्षा लावता का?"

"लावतो. पण बोलू काय?"

"काय पण बोला," अण्णा म्हणाले. "ऐकतंय कोण?"