पूर्व वेशीच्या चौकीतील आठ खुंट्यांची हकीगत

श्रीकृपेंकरून प्रजा सुखी असो, ऐकणारांचीं मनें निर्मळ असोत. शके सोळाशें एक्याण्णव, विरोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीचे प्रातःकाळीं एका राज्याचे राजधानींत वर्तमान जाहलें तें येणेंप्रमाणें. सूर्योदयीं पूर्वेची वेस उघडली, आणि भाजीवाल्या आंत आल्या, आणि चौकीचे नाईक म्हाळोजी यांनीं मशाली भराव्या म्हणून तेलाचा बुधला उपडा केला तों थेंब निघेना. मग कोतवाल सुभानजीराव यांनीं कारण पुसिलें. नाईक बोलिले, "सरकार, कोंडाई तेलिणीचा घाणा चार रोज बंद." मग राव नाइकास घेऊन स्वतां पायीं तेलीआळीस गेले.

त्या समयीं नगराचें मुख्यपण कोणास द्यावें याविशीं दोन पक्ष पडले होते. एकाची फीत जांभळी, दुसऱ्याची पोपटी. नाइकासुद्धां चौकीचे सातही शिपाई पहाऱ्यावर असतां पगडीस जांभळी फीत लावीत, आणि रावांचेही पगडीस तीच होती, आणि यांत गैर कांहीं आहे ऐसें कोणाचे मनांत आलें नव्हतें.

रावांनीं पुसिलें, "बाई, घाणा कां थांबला?"

"बैल सुटून गेला जी."

"मग चौकीस वर्दी कां न दिली?"

"आले होते की दारापातुर! नाईकबाबांच्या पगडीवर जांभळं बघितलं अन् माघारी फिरले. आमचं घरधनी पोपटीवालं. म्हटलं, बैल तर गेलाच, आता धन्यालाबी कोंडतील."

"आमचेही पगडीस तेंच आहे."

"म्हणून तर खाली बघून बोलत्ये."

 मग रावांनीं बैलाची खूण पुसिली. बाई बोलिली, "पांढरा हाय, डावं शिंग मोडकं. अन् मोकळा सोडला तरी गोलच फिरतो."

हें ऐकोन नाइकाचें तोंड उतरलें. "सरकार, चौकीमागल्या कोंडवाड्यांत एक बैल चार रोज गोल फिरतोय. आम्ही म्हटलें, वेडा आहे. धनी कोणी येईना."

मग नाइकांनीं आपले हातें बैल आणून दिला, आणि दोन प्रहरीं घाणा पुन्हा करकरूं लागला. वाटेनें परततां नाईक बोलिले, "सरकार, पक्ष तर मनांत आहे, तो काढून कोठें ठेवावा?" राव बोलिले, "मनांत असूं द्यावा. पहारा उतरल्यावर सभेंत जाऊन गर्जावें, कोण अडवितो? परंतु पहाऱ्याचा प्रहर प्रजेचा. कोंडाईनें मान वर करून दार ओलांडावें, इतकेंच पाहिजे."

मग दवंडी पिटविली नाहीं, कोणास शिक्षा केली नाहीं. सुतार बोलावून चौकीचे दारांत आठ खुंट्या ठोकविल्या, आणि पहिले खुंटीस रावांनीं आपली फीत टांगिली, आणि मागोमाग नाइकांनीं, आणि मग एकेक शिपायांनीं. 

एकूण वृत्त इतकेंच. फिती पहारा उतरतां घरीं जातात, पहाऱ्यावर येतां खुंटीस राहतात. सांजेस कोंडाई तेल घेऊन आली, ती थेट आंत आली आणि नाइकांस म्हणाली, "बुधला नीट धरा, सांडाल."